मादागास्करचा नसलेला शिरटोप

'कॅसिस मादागास्करेन्सिस' या नावाच्या शंखाचा मादागास्करशी काडीचाही संबंध नाही. हा शंख सापडतो अटलांटिक महासागराच्या पश्चिम कडेला. नॉर्थ कॅरोलिनापासून फ्लोरिडा, बहामा आणि खाली कॅरिबियन बेटांपर्यंत त्याचा वावर आहे. मादागास्करच्या किनाऱ्यावर कोणी जन्मभर बुड्या मारल्या तरी त्याला या जातीचा एकही जिवंत प्राणी मिळणार नाही. तरीही गेली दोनशे वर्षे जगभरच्या संग्रहालयांत, ग्रंथांत आणि शंखांच्या दुकानांत त्याची चिठ्ठी हेच नाव मिरवते. असे नाव पडले कसे, ते बदलत का नाहीत, आणि चिठ्ठीवर न विसंबता हातातला शंख कोणत्या जातीचा आहे हे ठरवायचे कसे, हा या लेखाचा विषय. शेवटचा प्रश्न केवळ हौशी संग्राहकांचा उरलेला नाही. आपल्याकडे तो कायद्याचाही प्रश्न झाला आहे, आणि त्याकडे मी लेखाच्या अखेरीस येणार आहे.

मी प्राणिशास्त्राचा पदवीधर नाही हे आधीच सांगून टाकतो. शंख गोळा करण्यापेक्षा शंखांविषयी पूर्वी कोणी काय लिहिले, कोणी कोणाचे उतरवले आणि कुठे फसगत झाली, हे शोधण्याचा नाद मला अधिक. या नादात शिरटोप शंखांचे कूळ माझ्या वाट्याला आले आणि ते सुटले नाही.

शिरटोप शंख म्हणजे काय, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आपल्या देवघरातला शंख तो नव्हे. पूजेतला शंख 'टर्बिनेला पायरम' या जातीचा. पांढरा, घोटीव, निमुळता. शिरटोप शंख त्यापेक्षा पुष्कळ बोजड असतो. मोठ्या जातींचा शंख टेबलावर तोंड खाली करून ठेवला, तर रोमन सैनिकाने काढून ठेवलेल्या शिरस्त्राणासारखा दिसतो. लॅटिनमध्ये 'कॅसिस' म्हणजे शिरस्त्राण. शंख उलटा केला की त्याची खरी ओळख दिसते. शंखाचे तोंड लांबट आणि अरुंद असते. त्याच्या एका बाजूला जाड, आत वळलेला बाहेरचा ओठ असतो, दुसऱ्या बाजूला शंखाच्या अंगावर पसरलेला गुळगुळीत, चकचकीत थर. या थराला मी 'ढाल' म्हणतो. इंग्रजीतही त्याला त्याच अर्थाचा शब्द आहे. ओठावर आणि ढालीच्या कडेवर दात असतात. हे दात चावण्यासाठी नसतात, ते कवचाचेच उंचवटे आहेत. प्राणी उष्ण समुद्रात वाळूत अर्धवट रुतून राहतो, रात्री बाहेर पडतो आणि समुद्री अर्चिन, म्हणजे काटेरी चेंडूसारखे ते प्राणी, खातो. अर्चिनच्या कवचाला तो आम्लाने आणि जिभेवरच्या कानशीने भोक पाडतो. या गटातल्या गोगलगाईंच्या लाळेत गंधकाम्ल असते हे ट्रोशेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८५४ मध्ये जगासमोर आणले. सिसिलीतल्या मेसिना इथे शिरटोपाचाच एक नातलग हाताळताना त्याने थुंकलेला द्रव दगडी फरशीवर पडला आणि फरशी फसफसली, हे त्याचे निमित्त.

आता नावांच्या इतिहासाकडे वळू. त्याची सुरुवात ज्या माणसापासून करावी लागते, तो पुस्तक पूर्ण करताना आंधळा होता.

गेऑर्ग एबरहार्ड रुंफियस हा जन्माने जर्मन, नोकरीने डच ईस्ट इंडिया कंपनीचा. याच कंपनीची वखार सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्यातही होती. रुंफियस मात्र गेला पार पूर्वेला, मोलुक्काच्या अँबोन बेटावर. १६५४ पासून मरेपर्यंत, म्हणजे १७०२ पर्यंत, तो तिथेच राहिला. कंपनीचे काम सांभाळून त्याने बेटावरच्या झाडांची आणि समुद्रातल्या जिवांची नोंद सुरू केली. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली. १६७४ च्या फेब्रुवारीतल्या भूकंपात त्याची बायको आणि मुलगी गेली. १६८७ मध्ये अँबोनला आग लागली, तीत त्याची चित्रे आणि कागद जळाले. मध्ये, १६८२ मध्ये, त्याचा शंखसंग्रह फ्लॉरेन्सच्या कोसिमो मेडिचीकडे गेला. इतके सगळे झाल्यावरही लेखनिकांना सांगून लिहवून घेत त्याने ग्रंथ पुरे केले. शंखांवरचा ग्रंथ 'अँबोनचे दुर्मीळ वस्तूंचे दालन' या अर्थाच्या डच नावाने १७०५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, ॲमस्टरडॅमला छापला गेला.

या ग्रंथाचे वैशिष्ट्य असे की युरोपातले बाकीचे लेखक कपाटातले मेलेले, पुसलेले शंख पाहून लिहीत होते, तर रुंफियस ते शंख जिथे राहतात तिथे राहत होता. तो प्राणी सांगतो, त्याची जागा सांगतो, स्थानिक लोक त्याचे काय करतात ते सांगतो. शिरटोपांना 'कॅसिस' हा शब्द त्याच्या पुस्तकात आधीच आहे. म्हणजे गट ओळखण्याचे काम त्याने केले होते. छापलेल्या चित्रांची गोष्ट वेगळी. बरीच मूळ चित्रे उपलब्ध नसल्याने हॉलंडमधल्या संपादकाने, सिमोन स्खेइनव्हूटने, तिथल्या संग्रहांतले शंख घेऊन चित्रे काढून घेतली. मजकूर एका बेटावरचा आणि चित्रातला शंख कुठल्या बंदरातून आला याचा पत्ता नाही, अशी जोडी त्यामुळे तयार झाली. पुढच्या शतकातल्या गोंधळाचे एक मूळ मला इथे दिसते.

कारण पुढे आला लिनियस. १७५८ मध्ये 'सिस्टिमा नॅचुरे'च्या दहाव्या आवृत्तीत त्याने प्राण्यांना दोन-दोन शब्दांची नावे दिली आणि शंखांसाठी रुंफियसच्या चित्रांचा आधार घेतला. शिरटोपांसाठी त्याने वेगळी खोली मात्र ठेवली नाही. 'बुसिनम' म्हणजे रणशिंग. या एका मोठ्या पेटीत त्याने कॉर्न्यूटम, ट्यूबरोसम, फ्लॅमियम, रुफम अशा जाती एकत्र टाकल्या. शिंगवाला, गाठाळ, ज्वाळांचा, तांबडा: नावे नेमकी आहेत, शंख समोर ठेवला की पटतात. स्कोपोलीने १७७७ मध्ये 'कॅसिस' हे स्वतंत्र वंशनाम केले आणि शिरटोपांना त्यांची पेटी मिळाली.

मग लामार्क. आपल्याकडे शाळेत जिराफाच्या मानेपुरता शिकवला जाणारा हा माणूस, प्रत्यक्षात शंखांच्या अभ्यासाचा मोठा मिस्त्री होता. 'अपृष्ठवंशीय' ही कल्पनाच त्याची. १८१५ ते १८२२ या काळात अशा प्राण्यांवरचे सात खंड त्याने काढले. 'कॅसिस मादागास्करेन्सिस' हे नाव १८२२ च्या सातव्या खंडातले. या वेळी लामार्क अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता आणि १८१८ च्या सुमारास त्याची दृष्टी गेलेली होती. अखेरच्या कामात लिहिणारे हात मुलीचे. पॅरिसच्या वनस्पती उद्यानात त्याचा पुतळा आहे. त्याखालच्या शिल्पात आंधळा लामार्क आणि शेजारी मुलगी असे दाखवले आहे.

लामार्कच्या दृष्टिहीनतेमुळे ही चूक झाली असे सांगण्याचा मोह होतो. पण ते अन्यायाचे होईल. त्याने जाती वेगळी काढली ती बरोबरच काढली. हा शंख लिनियसच्या 'ट्यूबरोसा'पेक्षा निराळा आहे, 'कॉर्न्यूटा'पेक्षाही निराळा आहे, हे आजही तंतोतंत खरे आहे. चुकला तो पत्ता, आणि पत्ता शंखावर लिहिलेला नसतो. तो विकणारा सांगतो, खलाशी सांगतो, लिलावात कपाट विकत घेणारा सांगतो. त्या काळी फ्रेंच बंदरांत हिंदी महासागरातली जहाजे लागत आणि कॅरिबियनमधलीही. दोन्हीकडचे शंख एकाच दुकानात पोचत. लामार्कच्या स्वतःच्या शंखांचाही प्रवास पाहण्यासारखा आहे: आधी मासेना घराण्याच्या सरदाराकडे, मग बॅरन देलेसेर या बँकवाल्याकडे, आणि १८६९ मध्ये जिनिव्हाच्या संग्रहालयात. एका माणसाच्या कपाटातून निघालेला शंख सत्तेचाळीस वर्षांत इतके हात फिरतो, तर बंदरातल्या दुकानातल्या शंखाची काय कथा!

नाव का बदलत नाहीत? प्राणिनामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता आहे. तिच्यात अग्रक्रम पहिल्या वैध नावाला. नावाचा अर्थ चुकीचा आहे, प्रदेश चुकीचा आहे, हे नाव रद्द करण्याचे कारण होऊ शकत नाही. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. अर्थ तपासून नावे बदलू लागलो असतो, तर प्रत्येक पिढीने आपले शहाणपण नावांवर कोरले असते आणि जुने ग्रंथ वाचताच आले नसते. नाव म्हणजे हाक. गोऱ्या माणसाचे आडनाव काळे असले म्हणून कोणी ते बदलायला सांगत नाही.

ज्यांना लॅटिन नावांशी देणेघेणे नव्हते, अशा एका वर्गाला मात्र हे शंख अचूक ओळखता येत होते. नेपल्सजवळच्या तोर्रे देल ग्रेको गावातले कॅमिओ कोरणारे कारागीर. कॅमिओ म्हणजे शंखावरचे उठावाचे कोरीवकाम. वरचा पांढरा थर कोरून त्यात चेहरा काढायचा आणि भोवतीचा थर खरवडून खालचा गडद थर पार्श्वभूमीला उघडा करायचा. आपल्याकडच्या जुन्या पारशी आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतल्या ब्रोचवर असले बायकांचे चेहरे अनेकांनी पाहिले असतील. या कामाला शंखाचे थर वेगळ्या रंगांचे हवेत, आणि कोणत्या शंखाच्या पोटात कोणता रंग आहे हे कारागिराला कापण्यापूर्वी कळायला हवे. त्यांच्या बोलीत दोन शंख होते. 'सार्डोनिका', ज्याचा खालचा थर गडद तपकिरी. तो कॅरिबियनमधून येतो आणि तोच आपला 'मादागास्करेन्सिस'. दुसरा 'कॉर्निओला', ज्याचा खालचा थर तांबूस-नारिंगी. तो पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, मादागास्करच्या बाजूनेही येतो, आणि तो लिनियसचा 'रुफा'. थोडक्यात, मादागास्करकडून खरोखर येणारा शंख एक आणि मादागास्करचे नाव लावून फिरणारा दुसरा. दोन्ही एकाच गावातल्या एकाच बाकावर कापले जात होते. कारागिराची चूक झाली तर शंख वाया जाई, पैसे जात. म्हणून त्याची ओळख पक्की.

आता हातात शंख घेऊन बोलू. मोठ्या जाती पाच, आणि त्या ओळखायला मी रंगापासून सुरुवात करत नाही. जुन्या शंखाचा रंग उडतो, विकणारे आम्लात बुडवून त्याला चकाकी आणतात, तेल लावतात. आकार सहसा बदलता येत नाही.

पहिल्यांदा शंखाच्या पाठीवर अंगठा फिरवावा. कॅसिस वंशाचा प्राणी वाढताना मधूनमधून थांबतो, त्या मुक्कामी जाड ओठ तयार करतो आणि मग पुढे वाढतो. तो जुना ओठ पाठीवर वळासारखा उरतो, छडीच्या माराचा उठावा तसा. असे वळ लागले तर शंख कॅसिस. मुळीच लागले नाहीत आणि शंख अंडाकृती, भरीव, पाठीवर दाट बोथट गाठींच्या रांगा असलेला निघाला, तर तो 'सायप्रिकॅसिस रुफा', कारागिरांचा कॉर्निओला. हा फरक सॅम्युअल स्टचबरीने नोंदवला आणि १८३७ मध्ये वेगळा वंश केला. त्याच्या लक्षात आले की हा प्राणी कवडीसारखा वाढतो. लहानपणी ओठ पातळ, आणि वाढ पुरी झाल्यावर एकदाच ओठ जाड होऊन आत वळतो. म्हणूनच 'सायप्रिआ' म्हणजे कवडी आणि 'कॅसिस' यांचे जोडनाव. रुफाच्या बाहेरच्या ओठावरचे दातही बारीक आणि पुष्कळ, वीसपेक्षा जास्त. कॅसिसच्या मोठ्या जातींमध्ये ते थोडे आणि ठोसर. माझ्या मते शिरटोपांविषयी सर्वांत हुशार निरीक्षण स्टचबरीचे आहे. त्याने शंखाचा आकार न पाहता शंखाचे वय पाहिले.

वळ लागले तर पुढे ढालीकडे. ढाल त्रिकोणी, कोपरे टोकदार, आणि पाठीवर नख घासले तर किनतानासारखी बारीक जाळी लागते: तो 'ट्यूबरोसा', अटलांटिकचा. त्याच्या ढालीच्या मधोमध मोठा तपकिरी डाग असतो. पण डाग पाहण्यापूर्वीच नखाला उत्तर मिळालेले असते. ढाल लांबट-गोल, पाठीवर जाळी नाही, शंख वीतभराच्या आत आणि अंगावर नागमोडी ज्वाळा: 'फ्लॅमिया', तोही अटलांटिकचा. ढाल गोलसर आणि प्रचंड, पाठीवर गाठींच्या तीन रांगा, वरची सर्वांत ठळक, आणि ढालीकडच्या पांढऱ्या दातांच्या मधल्या फटी काळपट तपकिरी: तो 'मादागास्करेन्सिस'. इथे डोळ्यांची गरज लागते हे कबूल केले पाहिजे. पांढऱ्या दातांमधला तो काळा रंग शाई भरल्यासारखा असतो. तो एकदा पाहिला की विसरत नाही.

उरला 'कॉर्न्यूटा', शिंगवाला. हा आपल्या बाजूचा. पूर्व आफ्रिकेपासून पॅसिफिकपर्यंत पसरलेला, आणि आपल्या अंदमान-निकोबार व लक्षद्वीपच्या समुद्रातला. कुळातल्या सर्वांत मोठ्या शंखांत तो मोडतो. ढाल रुंद, चकचकीत, नारिंगी. दातांमध्ये काळी शाई नाही. पाठ करडी-पांढरी, तिच्यावर बारीक खळग्यांच्या रांगा. खांद्यावर शिंगे. पण शिंगांच्या बाबतीत सावध राहावे. या जातीत नर लहान आणि मादी मोठी. नराची शिंगे संख्येने कमी पण लांब आणि बोथट, मादीची जास्त पण आखूड. दोन शंख शेजारी ठेवले तर अनोळखी माणूस त्या दोन जाती म्हणेल. गाठींची संख्या फसवी असते याचे दुसरे उदाहरण अटलांटिकमध्ये आहे. विल्यम क्लेंचने १९४४ मध्ये बारीक आणि दाट गाठींच्या शंखाला 'स्पिनेला' हे वेगळे नाव दिले. आज ते 'मादागास्करेन्सिस'चेच एक रूप मानतात. टकर ॲबटने १९६८ मध्ये साऱ्या कुळाचा आढावा घेतला, तोवर अशी पुष्कळ जादा नावे जमा झाली होती.

स्पर्शाने ओळखण्याबद्दल मी एवढे आग्रहाने का लिहितो, त्याला तिसरा माणूस कारण आहे. गेरात फेरमेइ, जन्म १९४६, हॉलंडमधला. काचबिंदूमुळे तीन वर्षांचा असताना त्याची दृष्टी पूर्ण गेली. कुटुंब अमेरिकेत गेल्यावर शाळेतल्या शिक्षिकेने फ्लोरिडाहून आणलेले शंख वर्गात मांडले होते. उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावरचे खडबडीत, मळकट शिंपले हाताला ओळखीचे असलेल्या या मुलाला फ्लोरिडाचे शंख इतके घोटीव, इतके नक्षीदार का, हा प्रश्न पडला. उष्ण समुद्रातले शंख थंड समुद्रातल्या शंखांहून वेगळे का? पुढे येल विद्यापीठात प्रवेशासाठी गेला असता संग्रहालयाच्या अभिरक्षकाने त्याला तळघरातल्या कपाटांपाशी नेऊन हातात एकेक शंख दिला. त्याने बोटांनी चाचपून वंश सांगितला, जातही सांगितली. प्रवेश मिळाला, आणि १९७१ मध्ये डॉक्टरेटही.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याला ग्वाम बेटावर आणि नंतर अनेक किनाऱ्यांवर मिळत गेले. तिथले कितीतरी शंख फुटलेले, आणि फुटून पुन्हा सांधलेले होते. फोडणारे होते खेकडे. खेकडा ओठाच्या कडेपासून शंख सोलत जातो. ज्याचा ओठ जाड, तोंड अरुंद आणि तोंडात दात, तो वाचतो. हिंदी-पॅसिफिक समुद्रात खेकडे जास्त दणकट, म्हणून तिथले शंखही कॅरिबियनमधल्यांपेक्षा सरासरीने अधिक चिलखती, असे त्याने दाखवून दिले. शिकारी आणि शिकार यांच्या या लाखो वर्षांच्या चढाओढीवरचा त्याचा ग्रंथ १९८७ मध्ये आला. हे वाचल्यावर शिरटोपाच्या ओठाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. जाती ठरवायला आपण जे दात मोजतो, तो जाडपणा चाचपतो, ते सगळे त्या प्राण्याचे जगण्याचे हत्यार आहे. रंग फारसे काही वाचवत नाही, म्हणून तो वाटेल तसा बदलतो. ओठ बदलून चालत नाही.

रुंफियस, लामार्क, फेरमेइ. तिघांची दृष्टी जाण्याची कारणे वेगळी, काळ वेगळे, आणि लामार्क बोटांनी शंख ओळखत होता असा दावा मी करणार नाही. पण शिरटोपाच्या अभ्यासात तीन महत्त्वाच्या वळणांवर न पाहणारी माणसे उभी असावीत, याची गंमत मला वाटत आली आहे.

आता कायदा. २००१ मध्ये भारत सरकारने वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत समुद्री शंखांच्या काही जाती घातल्या. 'कॅसिस कॉर्न्यूटा' आणि 'सायप्रिकॅसिस रुफा' या दोन्ही थेट पहिल्या अनुसूचीत गेल्या, जिथे वाघ आहे. अटलांटिकच्या जाती त्या यादीत नव्हत्या. आपल्या समुद्रात त्या नाहीतच. म्हणजे दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात असलेला बोजड शंख कोणत्या जातीचा, यावर बरेच अवलंबून आहे. आणि कोकणात असे शंख कमी नाहीत. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातली कितीतरी माणसे पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर नोकरीला. परत येताना ट्रंकेत शंख असायचेच.

रत्नागिरीजवळच्या एका गावात मला असा शंख दाखवला गेला. घरातले आजोबा व्यापारी जहाजावर खानसामा होते, ते जाऊन बरीच वर्षे झाली. शंखाच्या पोटात पिवळी पडलेली चिकटपट्टी, तिच्यावर टाइप केलेले इंग्रजी नाव. अर्धी अक्षरे पुसलेली. पुढे 'मादागास्कर' एवढे वाचता येत होते. त्यावरून घरात एक कथाच तयार झाली होती. आजोबांची बोट मादागास्करला कशी लागली, तिथे त्यांनी हा शंख एका कोळ्याकडून कसा घेतला. नातू ती मोठ्या रंगवून सांगत होता. काळजी होती ती कायद्याची. कोणीतरी सांगितले होते की तिकडच्या समुद्रातले मोठे शिरटोप पहिल्या अनुसूचीत आहेत, घरात सापडले तर वनखात्याची केस होते.

मी शंख उलटा केला. पाठीवर वळ होते, तेव्हा रुफा नाही. ढाल मोठी, गोलसर. नख फिरवले, जाळी नाही. दातांमधली शाई स्पष्ट, गाठींच्या तीन रांगा. चिकटपट्टीवर गावाचे नाव लिहिलेले नव्हतेच, ते लामार्कने दिलेले नाव होते, शेवटची अक्षरे गळालेले. मी तसे सांगितले. हा शंख वेस्ट इंडीजकडचा आहे म्हणालो. नातू जरा हिरमुसला. आतून आजी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "जमैका म्हणायचे हो ते. साखर भरायला जायची बोट." इतकी वर्षे कपाटावरच्या कथेत मादागास्कर होते आणि त्यांना कोणी विचारले नव्हते.

आपल्या किनाऱ्यावर या कुळाचे धाकटे नातलग मिळतात, ते मात्र फार कोणी पाहत नाही. ट्रॉलरच्या जाळ्यात मासळीबरोबर येणारा, लिंबापेक्षा थोडा मोठा, पातळ, गोलसर, अंगावर तपकिरी चौकोनी ठिपक्यांच्या रांगा असलेला शंख म्हणजे 'सेमिकॅसिस बायसल्काटा'. ओठ वळलेला, दात आहेत, ढालही आहे, सगळे छोट्या मापात. मुंबईच्या समुद्री शंखांची पद्धतशीर नोंद सुब्रह्मण्यम, करंदीकर आणि मूर्ती यांनी मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात १९४९ आणि १९५२ मध्ये केली. कोकणासाठी त्या तोडीची यादी हाताशी असावी असे मला फार वाटते. मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळी निवडून झाली की उरलेल्या ढिगात असे शंख पडलेले असतात. कोळणी ते पायाने बाजूला सारतात. मी उचलतो, धुतो, आणि प्रत्येकाच्या तोंडात चिठ्ठी सारतो: बोटीने जाळे कुठे टाकले होते, किती वाव पाण्यात, तारीख. जातीचे नाव सर्वांत शेवटी, पेन्सिलीने.